वाकलेली मान



घरभेटीच्या निमित्ताने आम्ही मध्यंतरी आपल्या धर्मग्रामातील एका घरी गेलो होतो. भाड्याची एक खोली, लागून स्वयंपाकघर. वडील चाकणच्या एका कंपनीत सेकंड शिफ्टला, आई पॅकिंगच्या कामाला, मुलगा आठवीत. आईने जी तक्रार सांगितली ती आता आम्हाला घरोघरी ऐकून पाठ झाली आहे. "फादर, ह्याची मान सारखी दुखते. एक्सरे काढला, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, मोबाइल कमी करा. काढूनच घेऊ का हो?" आम्ही हो म्हणणार, तोच मुलगा मान वर न करता म्हणाला, "मग पप्पांशी बोलू कशावरून?"

त्याचे खरे होते. त्याची शाळा सकाळची. तो घरी येईपर्यंत वडील कंपनीच्या बसमध्ये बसलेले असतात आणि ते मध्यरात्री परततात तेव्हा तो झोपलेला असतो. आठवडाभर बापलेकांची भेट होते ती जेवणाच्या सुट्टीत, फोनवर, दहा मिनिटे. आम्ही चहा घेतला, प्रार्थना केली आणि उत्तर न देताच उठलो.

आधी मानेचे पाहू. मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार ते साडेपाच किलो वजनाचे असते. अमेरिकेतील मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये असे गणित मांडले, की मान 15 अंश पुढे झुकली तर तिच्यावर सुमारे 12 किलोचा भार येतो आणि 60 अंश झुकली तर सुमारे 27 किलोचा. हे आकडे जगभर फिरले. पण ते संगणकावरील प्रतिकृतीचे गणित होते, जिवंत माणसांचे मोजमाप नव्हते. पुढे 2018 मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी रिओ दि जानेरो येथील 18 ते 21 वर्षांच्या 150 तरुणांना तपासले, तेव्हा फोन पाहताना मान वाकवणे आणि मानदुखी यांचा संबंध त्यांना आढळला नाही. म्हणजे एकट्या कोनाला दोष देता येत नाही. तासन्‌तास एकाच जागी बसणे, खेळ सुटणे, झोप मोडणे, मनावरचा ताण, हे सारे मानदुखीच्या हिशेबात येते.

हे वाचून काही पालकांना हायसे वाटेल. दुखत नसेल तर चालेल! आमचा प्रश्न नेमका इथे सुरू होतो. दुखणे हीच आपली एकमेव हरकत असेल, तर मान न वाकवता चित्रे दिसतील असा चष्मा पोराला आणून दिला की आपले बोलणे संपले. असे चष्मे निघालेही आहेत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक छोटा प्रश्न आमच्या वाट्याला आला होता. माणसाला ताठ उभे का घडवले? त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जनावरांची इंद्रिये भक्ष्य शोधण्यासाठी असतात म्हणून त्यांचे तोंड जमिनीकडे. माणसाची इंद्रिये जाणून घेण्यासाठीही असतात, म्हणून त्याला तोंड वर करून चहूकडे मोकळेपणी पाहता येते. तेव्हा आम्हाला ते भाबडे वाटले होते. (जिराफाचे काय, असे एकाने विचारले आणि सारा वर्ग हसला.) आज वाटते, इथे मोकळेपणा हा शब्द महत्त्वाचा आहे. शिवणयंत्रावरची बाई मान वाकवते, लेथवरचा कामगार वाकवतो, अभ्यास करणारे पोर वाकवते. पण हाक मारली की त्यांची मान वर येते. फोनवर एक चित्रफीत संपते न संपते तोच दुसरी सुरू होते. ते मुद्दामच तसे रचलेले असते. मान वर करण्याची वेळच येऊ द्यायची नाही!

मुलांच्या ओझ्याविषयी आपण बेफिकीर आहोत असे नाही. दप्तराच्या वजनाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 2015 च्या जुलैत राज्य सरकारने आदेश काढला, की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको. 1948 च्या कारखाना कायद्यातही 34 वे कलम होते: इजा होईल इतके ओझे कामगाराला उचलायला लावू नये. दप्तर शाळेचे, ओझे कंपनीचे, म्हणून आपण जाब विचारू शकलो. फोन कुणी दिला? 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा कितीतरी घरांनी हप्त्यावर फोन घेतला आणि त्यात वर्ग भरला. शाळा उघडल्या, फोन मात्र पोराच्याच हातात राहिला.

म्हणून आईबापांना दोषी धरावे काय? नीतिशास्त्रात कृतीबरोबर हेतू आणि परिस्थितीही पाहतात. आई कामावर, घराबाहेर डंपर आणि कंटेनर धावणारा रस्ता, पोर एकटे. ते घरात सुरक्षित राहावे म्हणून फोन देणाऱ्या आईला दोष देणे आम्हाला जमणार नाही. पण दोष नसला तरी जबाबदारी उरतेच, आणि ती एकट्या आईची नाही.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये त्या गावाने ठरवले, की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि दीड तास घराघरांतील टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. पोरांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे. यात पोरांवर न ओरडता मोठ्यांनी आपलाही फोन खाली ठेवला, हे आम्हाला फार आवडले. आपल्याकडे हे जमेल काय? पिंपरी-चिंचवडकरांना भोंगा नवा नाही, पण आपला भोंगा कंपनीचा, आणि तो घर जोडत नाही, पाळीपाळीने वाटून टाकतो. संध्याकाळी सात वाजता आपल्या धर्मग्रामातील कुणी मशीनवर असतो, कुणी नाइटला निघण्याआधी झोपलेला असतो. इथे दीड तास प्रत्येक घराला आपापल्या शिफ्टप्रमाणे शोधावा लागेल. त्या मुलाची ती दहा मिनिटे तर काढून घ्यायचीच नाहीत. बाकीच्या चार तासांविषयी बोलायचे आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात अठरा वर्षे वाकलेली एक स्त्री भेटते. तिने काही मागितल्याचे तिथे लिहिलेले नाही. प्रभू येशूने तिला पाहिले आणि जवळ बोलावले. जो वाकलेला असतो त्याला जमीनच दिसते; आपल्याकडे कुणी पाहत आहे हे त्याला कळायला कुणीतरी हाक मारावी लागते. त्या दिवशी त्या घरात आम्ही बसलो असताना आमच्या खिशातला फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा आम्ही तो काढून पाहिला. मुलाने ते पाहिले असणार.

आणखी एक गोष्ट आमच्याच खात्यावर आहे. रविवारच्या धर्मशिक्षणाचा गृहपाठ आम्ही आजवर मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत आलो. येत्या रविवारपासून तो कागदावर मिळेल. झेरॉक्सचा खर्च धर्मग्राम करील. ज्या वडिलांना रविवारी सुट्टी असते त्यांनी तो मुलाबरोबर बसून सोडवावा. ज्यांना नसते त्यांनी आपली साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते ते आम्हाला मिस्सानंतर सांगावे.