पोस्टकार्डाएवढे वानर



गेल्या महिन्यात धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना आम्ही पोस्टकार्डाएवढे कोरे कागद वाटले. अट एकच होती. सिंह, हत्ती नको. या आठवड्यात वाटेवर स्वतः पाहिलेला एखादा जीव रंगवून आणायचा. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला अशा सोबत्यांची वाण नाही. पुढच्या रविवारी कागद परत आले. विजेच्या तारेवरचा खंड्या, पाखाडीवरची गोगलगाय, भिंतीवरचा सरडा, चोच जरा जास्तच मोठी झालेला धनेश.

एका मुलाने वानर काढले होते. माडाच्या झावळीवर बसलेले, हातात कोवळे शहाळे, पोटाला बिलगलेले पिल्लू. खाली कोपऱ्यात बेचकी ताणून उभा असलेला एक मुलगा. "फादर, हा मीच आहे. ठेवू की खोडू?" त्याने विचारले. आम्ही हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न आम्हांला सोडीना.

एखाद्या जीवाकडे मन लावून पाहिले म्हणजे आपण त्याच्याशी चांगले वागू लागतो का?

इतिहास याचे सोपे उत्तर देत नाही. १६१२ साली बादशहा जहांगीरच्या दरबारात गोव्याहून काही अपूर्व पशुपक्षी आले. त्यांत एक टर्की कोंबडा होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याचे बारकाईने वर्णन केले आणि चित्रकारांकडून चित्रही काढून घेतले. उस्ताद मन्सूरने रंगवलेला तो कोंबडा आज लंडनच्या संग्रहालयात आहे. एकेक पीस मोजून घ्यावे, इतके ते काम बारीक आहे. पण याच आठवणींत बादशहाने स्वतः मारलेल्या शिकारीचा हिशेबही लिहून ठेवला आहे. १७,००० हून अधिक जीव! ज्या डोळ्यांनी पिसांचा रंग टिपला, त्याच डोळ्यांनी नेमही धरला.

त्याच काळातले आणखी एक चित्र आहे. चिनाराच्या झाडावर खारी बागडताहेत आणि खाली एक माणूस अनवाणी झाडावर चढू पाहतो आहे. तो खारी पकडायलाच निघाला असावा. अशा लघुचित्रांसाठी कुंचला लागे तो परंपरेने खारीच्याच शेपटीच्या केसांचा. म्हणजे चित्र काढणाराही त्या झाडाखालच्या माणसापासून फार दूर नव्हता. आपणही नाही.

तेव्हा नुसते पाहणे पुरेसे नाही. शिकारीही टक लावूनच पाहतो. फरक नजरेच्या बारकाईत नसून, त्या नजरेला काय हवे आहे, यात आहे. शिकाऱ्याला तो जीव हवा असतो. चित्र काढणाऱ्या मुलाला, निदान त्या अर्ध्या तासापुरते, तो जीव जसा आहे तसाच असायला हवा असतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडले की, देवाचा चांगुलपणा एका प्राण्यात मावणारा नाही, म्हणून त्याने नाना तऱ्हेचे जीव निर्माण केले. एकात जे उणे, ते दुसऱ्यात पुरे होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात या विचाराचा आधार घेतला. याचा अर्थ, वानर आपल्या उपयोगाचे नसले तरी ते फुकट जन्मलेले नाही.

पण इथे प्रामाणिक राहिले पाहिजे. वानरांनी शहाळी पाडली, फणस फोडले, केळीचे लोंगर ओरबाडले की वर्षाचे उत्पन्न जाते. ज्याचे परडे उजाड झाले, त्याला चर्चच्या ओसरीवर बसून दयेचा उपदेश करणे सोपे आहे. तसा उपदेश आम्ही करणार नाही. पीक राखणे हे पाप नाही. घरच्यांच्या ताटातला घास राखणे हेही कर्तव्यच आहे.

मग त्या चित्राचा उपयोग काय? आमच्या मते एवढाच, की त्या मुलाने पोटाशी धरलेले पिल्लू पाहिले. ते एकदा दिसले की, 'न पाहिलेले' करता येत नाही. तो उद्याही वानर हाकलेल, हाकलावेच लागेल. पण हाकलणे आणि जखमी करण्यात मजा वाटणे यांत एक रेघ असते. ती रेघ त्याने आपल्या हाताने कागदावर ओढली आहे. चित्रातून स्वतःला खोडले असते तर चित्र सुंदर झाले असते, पण खोटे झाले असते.

म्हणून आम्ही त्याला सांगितले, "बाळा, ठेव. तूही तिथे होतास." सगळी चित्रे ओसरीवर लावली आहेत. मिस्सानंतर घाई न करता पाहा. आणि शक्य झाल्यास एक कोरा कागद घरी न्या. या आठवड्यात जो जीव तुमच्या वाटेत आडवा येईल, तो काढा. चित्र बिघडले तरी चालेल. आपण त्या चित्रात कुठे उभे आहोत, तेवढे मात्र खरे काढा.

ख्रिस्तात तुमचे,
आपले धर्मगुरू