दया कोणाच्या वाट्याला?

सात माणसे आणि सहा महिने. भागाकार केला तर माणशी सव्वीस दिवस पडतात. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर, फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून मोटार गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात कायदेशीर मर्यादेच्या साडेतीन पटींहून अधिक मद्य सापडले होते. तरीही एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाने हा निव्वळ हलगर्जीपणा मानला आणि सहा महिने कैद व पाच लाख रुपये दंड सुनावला. लोक खवळले, वर्तमानपत्रांनी प्रकरण लावून धरले, उच्च न्यायालयाने दखल घेतली. त्याच वर्षी सदोष मनुष्यवधाखाली शिक्षा तीन वर्षांची झाली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

ही गोष्ट न्यायाचा विजय म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. मेलेल्यांच्या बाजूने मुंबईत बोलणारे फारसे कोणी नव्हते. गाजावाजा झाला नसता तर सव्वीस दिवसांचा हिशेब तसाच मिटला असता. ज्या न्यायाला आधी वर्तमानपत्रांत मथळे यावे लागतात, तो बाकीच्यांना मिळत असेल असे समजायला आधार नाही. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. मथळे किती जणांच्या वाट्याला आले?

दिल्लीत १० जानेवारी १९९९ च्या पहाटे माजी नौदलप्रमुखांच्या नातवाच्या बीएमडब्ल्यूखाली सहा जण मेले. त्यांत तीन पोलीस होते. खटला चालू असताना बचावपक्षाचे नामांकित वकील सरकारपक्षाच्या साक्षीदाराशी संधान बांधताना दूरचित्रवाणीच्या छुप्या कॅमेऱ्यात सापडले आणि पुढे न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा सदोष मनुष्यवधाचाच असल्याचे मान्य केले, पण भोगलेली सुमारे दोन वर्षांची कैद पुरेशी मानली. वर पन्नास लाख रुपये भरायला आणि दोन वर्षे समाजसेवा करायला सांगितले. पन्नास लाख पळून गेलेल्या वाहनांच्या बळींसाठी जाणार होते, हेतू चांगलाच. पण असाच गुन्हा करणाऱ्या टेम्पोचालकाने न्यायालयापुढे काय ठेवायचे? त्याच्याकडे भरायला वर्षेच असतात. पंजाबच्या एका खटल्यात तर दोघांच्या मृत्यूबद्दलची एक वर्षाची शिक्षा उच्च न्यायालयाने चोवीस दिवसांवर आणली होती. भरपाई दिली गेली, हे त्यासाठीचे एक कारण होते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिने केली आणि असल्या दयेला चुकीच्या जागी केलेली दया ठरवले.

मात्र सगळे खापर न्यायाधीशांवर फोडणे सोपे आहे, म्हणूनच ते फोडले जाते. शिक्षा न्यायालयात पोचण्याआधीच झिजू लागते. मद्याचेच घ्या. वाहन चालवताना शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपर्यंत मद्य कायद्याला चालते. शरीर ताशी साधारण पंधरा-वीस मिलिग्रॅम मद्य संपवते. म्हणजे शंभरावर पोचलेल्या माणसाचे रक्त सहा-सात तास घेतलेच नाही, तर अहवाल जवळजवळ कोरा येतो. लाच द्यायची गरज नाही, खोटी सही नको. नुसता उशीर पुरतो. पोलीस ठाण्यात बसवून चहा पाजणे, वडील येईपर्यंत थांबणे, वकिलाची वाट पाहणे, यातून हा उशीर सहज साधतो. रिक्षावाल्याला कोणी चहा पाजत नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्या मोटारीची नोंदणीही पूर्ण झालेली नव्हती. चालवणारा सतरा वर्षांचा, बड्या बांधकाम व्यावसायिकाचा मुलगा. पंधरा तासांच्या आत जामीन मिळाला आणि अटींत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता. (लिहून पोट भरणाऱ्या माणसाने सांगावे तर, निबंधाने लिहिणारा सुधारतो याला काही पुरावा नाही.) निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती, हे खरे. पण त्याहून भयंकर ते पुढे आले. ससून रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुना बदलला गेला, असा पोलिसांचा आरोप आहे आणि त्यासाठी डॉक्टरांना अटक झाली. घरच्या चालकाने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याला धमकावल्याचाही आरोप झाला. न्यायालय त्यावर काय म्हणायचे ते म्हणेल.

याच पुण्यात आपण रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट सांगत आलो. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. पण गोष्टीचा उरलेला भाग आपण घाईने उरकतो. ते प्रायश्चित्त कोणी अमलात आणले नाही. शास्त्रीबुवा पद सोडून पुण्याबाहेर गेले, आणि राघोबादादा पुढे दहा वर्षे जगले. एक करारी न्यायाधीश मिळाला की काम झाले, या समजुतीला आपल्याच इतिहासात उत्तर आहे. निकालाच्या आधीचे आणि नंतरचे हात ताठ नसतील, तर शास्त्र्यांनी करायचे काय?

पुण्याच्या घटनेनंतर ‘त्याला प्रौढ समजून खटला चालवा’ अशी ओरड झाली. पोलिसांनी तसा अर्ज केला आणि तो पुढे फेटाळला गेला. माझे मत इथे अनेक वाचकांना आवडणार नाही: तो फेटाळला गेला हे बरे झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच स्पष्ट केले होते, की ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेली नाही, त्यासाठी अल्पवयीनाला प्रौढांच्या न्यायालयात नेता येत नाही. हा कायदा बिल्डरांच्या मुलांसाठी झालेला नाही. निरीक्षणगृहांत ज्यांच्यासाठी कोणी वकील धावत येत नाही, अशा मुलांचे ते छप्पर आहे. एका श्रीमंत मुलावरच्या रागाने ते उतरवले, तर भिजणार कोण हे सांगायला नको.

कडक कायद्याचेही तेच. नव्या न्याय संहितेत, अपघात करून पोलिसांना न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सुचवली गेली. जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे ट्रकचालक संपावर गेले; थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने ते कलम लागू करायचे थांबवले. वर्षांचा आकडा वाढवला की तो पहिल्यांदा कोणाच्या मानेवर बसतो, हे त्या चालकांना पंडितांपेक्षा आधी कळले. म्हणून माझी मागणी जादा वर्षांची नाही. रक्त वेळेवर घ्या, त्याची वेळ नोंदवा, नमुन्यावर दुसऱ्या संस्थेची देखरेख ठेवा, साक्षीदाराला संरक्षण द्या आणि पैसे भरले म्हणून कैद कमी करू नका. दया दाखवायची तर टेम्पोचालकालाही दाखवा.

आता आपल्याकडे वळू. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून तरतूद आहे, की अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, बारा महिने वाहनाची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. संध्याकाळी सातला कुठल्याही शहरातल्या दहावीच्या क्लासबाहेर उभे राहा. सोळाव्या वर्षी पन्नास सीसीच्या आतली बिनगिअरची गाडी चालवायला परवाना मिळू शकतो, पण तिथे लागलेल्या बहुतेक गाड्या शंभराच्या वरच्या आहेत आणि त्यांवरून उतरणारी मुले सोळाचीही नाहीत. किल्ली घरातूनच मिळालेली असते. ‘रिक्षाचे पैसे वाचतात’, ‘जवळच तर आहे’. चौकात हवालदाराने अडवलेच तर वडिलांना फोन, वडिलांचा ओळखीच्या साहेबाला फोन, नाहीतर दोनशेची नोट. पोर्शेच्या मालकाने केले असे म्हणतात ते आणि हे सारखे नाही. तिथे दोन जीव गेले होते. पण कायदा आपल्यासाठी थोडा वाकला तर चालतो, हा धडा क्लासला जाणाऱ्या पोराने घरीच गिरवलेला असतो. हे कलम क्लासबाहेरच्या पालकांना उद्या खरोखर लावायला घेतले, तर कल्याणीनगरसाठी मेणबत्त्या घेऊन उभे राहिलेल्यांपैकी किती जण ‘आमच्या मुलाच्या करिअरचं काय?’ असे विचारत नगरसेवकाकडे जातील?