सोडल्यानंतरचा थकवा

“पीत होता तेव्हा निदान कामावर तरी जायचा. आता सोडलीय, तर नुसता पडून असतो.” दारू सुटलेल्या घरात हे हमखास ऐकू येतं. बोलणारी आई किंवा बायको वर्षानुवर्षं सोसून दमलेली असते, म्हणून तिला दोष देववत नाही. पण आजारी माणसावर आळसाचा शिक्का बसतो, तो अन्यायच.

दारू मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट दिशेने जोर लावायला शिकतो. दारू थांबते, तो जोर लगेच थांबत नाही. म्हणून हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. खूप पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर पहिल्या काही दिवसांत फिट किंवा भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत.

ते सरले की घरच्यांना वाटतं, सुटला. लांबचा पल्ला तर पुढेच असतो. झोप कित्येक महिने तुटक राहते. आनंदाची जाणीव देणारी मेंदूतली डोपामिनची यंत्रणा मंदावलेली, त्यामुळे लेकीचा पहिला नंबरसुद्धा मनाला शिवत नाही. बापाला हे कळत असतं, आणि त्याचीच त्याला लाज वाटते. न जेवता पिण्याच्या सवयीने ब १ जीवनसत्त्व घटलेलं असतं, त्याचाही फटका स्मरणशक्तीला बसतो. तरीही मेंदू सावरतो. दारूने आक्रसलेला मेंदू काही आठवड्यांत पुन्हा भरू लागल्याचं स्कॅनमध्ये दिसलं आहे. सगळं परत येत नाही. बरंच येतं, पण महिने घेऊन.

अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या सभांत चार धोके सांगितले जातात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. थकलेला माणूस पुन्हा ग्लासकडे वळतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने पत्नींसाठीही ‘सहचरी’ गट चालवला, तो मला फार मोलाचा वाटतो. पत्नीचा थकवाही ऐकून घेणारं कुणी हवंच.

तुमच्या घरात असा माणूस असेल, तर त्याला वेळेवर जेवू घाला, ठरल्या वेळी झोपू द्या, थकवा हटत नसेल तर डॉक्टरांकडे न्या. तो तुमच्या हाताखाली काम करत असेल, तर काही महिने रात्रपाळी देऊ नका.