अंतकाळी आठवण कोणी ठेवायची?

अंतकाळी माझे स्मरण करत जो देह ठेवतो तो मला येऊन मिळतो, असे आश्वासन गीतेच्या आठव्या अध्यायात आहे. शाळेत संस्कृत शिकवताना आणि नंतर शेजारच्या बायकांना गीता सांगताना मी हा श्लोक कितीदा तरी समजावला. त्याची भीती वाटली ती आमच्या ह्यांच्या रक्ताचा रिपोर्ट हातात आल्यावर. ज्याची आठवणच विरत चालली आहे, त्याने अंतकाळी स्मरण कशाच्या बळावर करायचे?

सुरुवात पैशांपासून झाली. जन्मभर बँकेत रोखपाल असलेला माणूस भाजीवाल्याने परत दिलेले सुटे पैसे तळहातावर घेऊन नुसता उभा राहू लागला. मग एकच प्रश्न, "अगं, लाइटबिल भरलं का?" मी हो म्हटले की समाधान, आणि चहा संपायच्या आत पुन्हा तोच प्रश्न. हरिपाठ मात्र दिवेलागणीला अजून सलग म्हणतात, एक चरण चुकत नाही. डॉक्टरांनी कारण सांगितले. अल्झायमरमध्ये नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग सहसा आधी बिघडतो, लहानपणी मुरलेले पाठांतर पुष्कळदा उशिरापर्यंत टिकते.

आधी बी-१२, थायरॉइड, एमआरआय झाले, कारण विसराळूपणाची काही कारणे औषधाने बरी होतात. मग पी-टाऊ २१७ हे प्रथिन तपासले. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचे दुसरे प्रथिन साठू लागले की पी-टाऊ रक्तात वाढते, आणि अमायलॉइडचे हे साठणे लक्षणे दिसण्याच्या १५-२० वर्षे आधीच सुरू झालेले असते. पूर्वी हे कळायला पाठीच्या मणक्यातून पाणी काढावे लागे किंवा महागडे पेट स्कॅन करावे लागे. अमेरिकेच्या एफडीएने मे २०२५ मध्ये अशा रक्तचाचणीला पहिल्यांदा परवानगी दिली, तीही लक्षणे असलेल्या, वय ५५ किंवा त्याहून अधिक असलेल्या माणसांसाठी. मूत्रपिंड अधू असले तरी हा आकडा वाढतो, म्हणून ह्यांचे क्रिएटिनिनही पाहिले. ते ठीक होते. आकडा खराच वाढलेला होता.

आजार किती वेगाने पुढे जाईल, ह्यांना मी कधीपर्यंत ओळखू येईन, हे त्या कागदावर नव्हते. नुसती खूण सापडली म्हणजे आजार झालाच का, यावर तर डॉक्टरांचेही एकमत नाही. २०२४ साली अमेरिकेतल्या अल्झायमर असोसिएशनच्या गटाने म्हटले, रक्तात खूण सापडली की आजार आहे, लक्षणे असोत वा नसोत. दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ते नाकारले. लक्षणे नसलेल्या माणसाला फार तर धोका आहे म्हणा, कारण अशांतल्या अनेकांना स्मृतिभ्रंश कधीच होत नाही. मला दुसरे म्हणणे पटते. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी जोगिणींचा दीर्घ अभ्यास केला. त्यातल्या सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी वारल्या. शेवटपर्यंत त्यांची बुद्धी शाबूत होती, आणि मेंदू तपासला तर त्यात या आजाराच्या खुणा भरपूर सापडल्या. धाकट्या भाऊजींना काही त्रास नसताना ही चाचणी करून घ्यायची होती. मी त्यांना स्पष्ट नको म्हटले. रक्तदाब, साखर आणि कान सांभाळा, तेवढे तुमच्या हातात आहे.

पण अंतकाळच्या स्मरणाचा माझा प्रश्न उरलाच होता. गीतेच्या तेराव्या अध्यायात बुद्धीसुद्धा क्षेत्रातच, म्हणजे शरीराच्याच बाजूला, धरली आहे, जाणणारा क्षेत्रज्ञ तिच्याहून वेगळा. म्हणजे बिघाड क्षेत्रात आहे, ह्यांच्यात नाही. तर्क बिनतोड आहे. तरी रात्री उठून हे बाथरूमचे दार शोधतात तेव्हा तो मला पुरत नाही.

आधार मिळाला तो दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांकडून. त्यांच्या परंपरेत वराह अवताराच्या तोंडचे एक वचन फार मोलाचे मानतात. भूदेवीला भगवंत सांगतात, शरीर धड आणि मन ठिकाणावर असताना ज्याने माझे स्मरण केले, तो शेवटी लाकडासारखा, दगडासारखा पडून राहिला तरी मी त्याची आठवण ठेवतो आणि त्याला परमगतीला नेतो. हे वाचले आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. अंतकाळी आठवण ठेवण्याचे काम भक्ताच्या माथ्यावर राहतच नाही, देव ते स्वतःकडे घेतो. आठव्या अध्यायातही पुढच्याच श्लोकात म्हटले आहे, अंतकाळी तोच भाव उभा राहतो जो माणसाने नित्य जोपासला. ह्यांनी जोपासायचे ते जोपासून झाले आहे. आता ते आठवत राहण्याची पाळी देवाची, आणि या घरात माझी.

म्हणून लक्षणे दिसू लागली असतील तर चाचणीला घाबरू नका. लवकर कळल्याचा खरा उपयोग हाच, की ज्याचे आयुष्य आहे त्यालाच अजून विचारता येते. ह्यांनी मृत्युपत्रावर स्वतः सही केली. शेवटी नाकात नळी नको, असे मुलासमोर सांगितले. कोणते अभंग ऐकायचे तेही लिहून दिले. तुमच्या घरी असे कोणी असेल तर त्यांना आजच जवळ बसवा आणि विचारा.