मामाकडून

म्युनिकहून आम्ही दर दोन वर्षांनी पुण्याला येतो. तीन आठवड्यांच्या सुट्टीतला एक रविवार मी जुन्या बाजारासाठी राखून ठेवते. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो. जमिनीवर ताडपत्र्या अंथरलेल्या असतात आणि त्यांवर पाने, पकडी, नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं, किल्ली हरवलेली कुलपं, फोटो काढून घेतलेल्या चौकटी. या वेळी माझी दहा वर्षांची मुलगी बरोबर होती. एका ताडपत्रीवर, पितळेच्या ढिगात, मला फिरकीचा तांब्या दिसला. झाकण आट्यांवर बसणारा, वर धरायला कडी असलेला, पूर्वी प्रवासात पाणी न्यायचे तसा. मी झाकण फिरवून पाहिलं. दीड वळसा घेऊन ते घट्ट बसलं. विक्रेत्याने तांब्या काट्यावर ठेवला. तो १ किलो ३०० ग्रॅम भरला. ८०० रुपये सांगितले, घासाघीस करून मी ५०० ला घेतला.

घरी आल्यावर आत्याने चिंच आणि मीठ लावून तो घासला. काळपटपणा गेला तशी गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलेली अक्षरं वर आली. मुलगी शनिवारच्या मराठी वर्गात बाराखडी शिकली आहे. ती एकेक अक्षर लावत वाचू लागली. ‘चि. सौ. कां.’ एवढं वाचता आलं. त्यापुढचं नाव वर्षानुवर्षांच्या घासण्याने पार पुसलं होतं. मग पुन्हा अक्षरं होती, ‘हिस मामाकडून, शके १८७५’.

“कुणाचा मामा?” तिने विचारलं. उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. ती खेळायला खाली गेली आणि आत्या व मी तांब्या मध्ये ठेवून गॅलरीत बसून राहिलो. आत्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेली. पुढचं बोलणं त्या संध्याकाळचं.

आत्या : शके १८७५ म्हणजे १९५३-५४. भाचीचं लग्न, सासर लांबचं, वाटेत पाणी हाताशी असावं म्हणून मामाने दिलेला दिसतोय. तू आनंदात आहेस ना?

मी : खूप. म्युनिकला आमच्या घराजवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात असाच एक तांब्या ९० युरोंना मांडला होता, तोही पोचे आलेला. मला आज घबाड मिळालं.

आत्या : त्या विक्रेत्याला तिथला भाव ठाऊक होता?

मी : नसणार. पण तो सांगणं माझं काम आहे का? हा प्रश्न फार जुना आहे, आत्या. रोमच्या सिसेरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, त्यात हेच कोडं आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलाय. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन तिथे पोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याला माहीत आहे, बेटावरच्या लोकांना नाही. त्याने ते सांगावं, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? ग्रंथात दोन तत्त्वज्ञ यावर वाद घालतात. अँटिपेटर म्हणतो, सांगितलंच पाहिजे. डायोजिनीस म्हणतो, मालाचा दोष लपवू नये, पण बाजाराची सगळी खबर पुरवायला विक्रेता बांधलेला नाही. मला डायोजिनीस पटतो. मी तर ग्राहक होते. मी फक्त गप्प राहिले.

आत्या : तू गप्प तरी कुठे होतीस? तुझ्या लेकीने मला सगळं सांगितलं. “आई म्हणाली फिरकी बसत नाही, पण फिरकी तर बसत होती,” असं म्हणाली ती.

मी : घासाघीस करताना तसं बोलतातच. त्यानेही ८०० सांगितले ते ६०० मिळतील या हिशेबाने.

आत्या : असेल. भाव वर-खाली करणं हा बाजाराचा रिवाज आहे, तो दोघांनाही कळतो. पण फिरकी बसते की नाही, हे रिवाजाने ठरत नाही. ती बसत होती. तुझा डायोजिनीससुद्धा इथे तुझ्या बाजूने उभा राहणार नाही. मालातला दोष लपवणं त्याला मान्य नव्हतं, आणि तू तर नसलेला दोष दाखवलास. महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधाराची गोष्ट आहे, आठवते?

मी : जाजलीची ना? त्या तपस्व्याच्या जटांमध्ये पाखरांनी घरटं केलं, पिल्लं वाढून उडून गेली तरी तो हलला नाही.

आत्या : हो, आणि मग त्याला वाटलं, धर्म आपल्याला कळला. तेव्हा आकाशवाणी झाली, काशीच्या तुलाधाराची सर तुला नाही. तुलाधार म्हणजे दुकान मांडून बसलेला वाणी. सगळ्यांसाठी माझा काटा सारखा आहे, हेच त्याने आपल्या धर्माचं सार म्हणून सांगितलं. आज त्या ताडपत्रीवर काट्याने पितळ खरं तोललं. खोट आली ती तुझ्या बोलण्यात.

मी : मग मी काय करू? त्याला ९० युरोंचे रुपये नेऊन देऊ?

आत्या : छे. तिथला भाव तिथल्या दुकानाचा, तिथल्या भाड्याचा, तिथे नवलाई वाटते त्याचा. तो या माणसाचा नाही आणि तुझाही नाही, कारण तू हा विकायला नेत नाहीयेस. तुझ्याकडे त्याचे निघतात ते ३०० रुपये. ते तू खोटं बोलून कमी केलेस.

मी : हे मान्य. बुधवारी जाऊन देते. पण मनात दुसरंच काहीतरी टोचतंय. भावाचा हिशेब मिटला तरी लेकीचा प्रश्न मिटत नाही. हे भांडं कुणाचं तरी आहे. नाव घातलेलं भांडं मी घ्यावं का?

आत्या : न घेतलं असतंस तर?

मी : वितळलं असतं. तोच माझा आधार. परवा आपण केळकर संग्रहालयात गेलो होतो. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारापासून गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, घरातली साधीसुधी भांडी जमवली. त्यांनी ती विकत घेतली नसती तर आज काय उरलं असतं? मीही एक वस्तू वाचवलीच ना?

आत्या : केळकरांनी काय केलं ते पूर्ण सांग. १९७५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. आणि संग्रहालयाला नाव दिलं राजाचं, त्यांच्या गेलेल्या मुलाचं. म्हणजे त्या वास्तूवरसुद्धा एका घरचं नाव घातलेलं आहे. ज्याला स्वतःच्या घरचं नाव राहावंसं वाटतं, त्याने दुसऱ्याच्या भांड्यावरचं नाव कसं हाताळावं, हा तुझा प्रश्न आहे. वाचवलं या शब्दाने तो सुटत नाही.

मी : तू घरातलं पितळ जपलं असतंस, आत्या, तर मला ते बाजारात शोधावं लागलं नसतं.

हे बोलून गेल्यावर मला वाईट वाटलं. आत्याने तांब्या उचलला, अंगठा त्या पुसलेल्या नावावरून फिरवला आणि मग शांतपणे बोलू लागली.

आत्या : १९७४ साली आपल्या घरातून घंगाळ, दोन हंडे, चार पातेली आणि एक परात मोडीत गेली. घालायला मीच गेले होते. तेव्हा मी २२ वर्षांची होते. जुने कपडे बोहारणीला दिले की एखादं भांडं मिळायचं, पण स्टीलचे डबे घ्यायचे तर पितळ भांड्यांच्या दुकानात न्यावं लागे. ते तोलून घेत आणि वर पैसे घालून स्टील देत. आमच्या गल्लीत घराघरातून तेच चाललं होतं. तुला आज हा तांब्या सुंदर दिसतो. रोज चिंच आणि राख लावून हे घासायला माझे हात आणि आईचे हात होते. पातेल्याची कल्हई गेली की आमटी-ताक कळकायचं. मग कल्हईवाला यायचा, भाता मारून भांडं तापवायचा, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा. बघायला छान वाटायचं, पण दर खेपेला पैसे मोजावे लागत. स्टील आलं आणि आईची दुपार मोकळी झाली. ती त्या दुपारी वाचायला लागली. मला त्या सौद्याचा पश्चात्ताप नाही.

मी : मग एवढ्या गंभीरपणे का सांगतेस?

आत्या : घंगाळासाठी. ते आईच्या भावाने दिलेलं, तिच्या नावाचं होतं. दुकानात पोचल्यावर मी ते वाचलं नाही. वाचलं असतं तरी दिलंच असतं कदाचित, पण घरी येऊन आईला विचारलं असतं, मामाने ते कधी दिलं, कुठून आणलं. विचारलं नाही आणि आता सांगायला कुणी नाही. आता तू मला सांग. ते घंगाळ वितळलं नसेल आणि आज कुणाच्या तरी घरी असेल, तर त्या माणसाने काय करावं असं तुला वाटतं?

मी : (थोडा वेळ थांबून) त्याने ते परत आणून द्यावं, असं नाही वाटत. त्याला आपलं घर कुठून सापडणार? पण नाव घासून काढू नये. ते वाचावं. कोपऱ्यात पाण्यावर दिवे सोडून नुसतं शोभेला ठेवू नये, त्यात आंघोळीचं पाणी काढावं.

आत्या : कितीला घेतलं याची तुला फिकीर आहे?

मी : नाही. आपण तर ते दिलंच होतं.

आत्या : म्हणजे भावाचा प्रश्न तुझा आणि विक्रेत्याचा. नावाचा प्रश्न तुझा आणि त्या घराचा. दोन्ही एकाच ५०० रुपयांत मिटले असं तू धरून चालली होतीस, म्हणून टोचत होतं. आता नाव का घालतात ते आठव.

मी : आठवण म्हणून.

आत्या : ते नंतर. आधी कारण साधं होतं. लग्नामुंजीला शेजारपाजारची भांडी मागून आणायची. पंगती उठल्या की अंगणात भांड्यांचा ढीग. त्यात आपलं कुठलं आणि जोश्यांचं कुठलं, हे कळायला नाव. भांडं आपल्या घरी परत यावं म्हणून ते घालायचं.

मी : मग तर हा तांब्या परत जायलाच सांगतोय.

आत्या : सांगतोय, पण घर पुसलं गेलंय. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहिली, तर मराठीत तिच्यासाठी एक शब्द आहे. ठेव. हा तू वापर, पण ठेव आपली म्हणून मिरवत नाहीत, मोडून खात नाहीत आणि ती कुणाची हे विसरत नाहीत.

मी : आणि परदेशी न्यायचं? कायद्याने शंभर वर्षं पूर्ण झालेली कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा तो कायदा. हा जेमतेम सत्तरीचा, त्यामुळे अडचण नाही. तरी इथली वस्तू तिकडे न्यावी का?

आत्या : परात असती तर मी विचार करायला सांगितलं असतं. समई असती तर नको म्हटलं असतं. पण हा फिरकीचा तांब्या आहे. माहेर सोडून निघालेल्या मुलीसोबत जाण्यासाठीच तो घडवला. नेच तू. मात्र काचेच्या कपाटात ठेवू नकोस. आणि कुणी विचारलं तर आमच्या आजीचा आहे असं सांगू नकोस.

मी : काय सांगू?

आत्या : जे लिहिलंय ते. एका मामाने भाचीला दिला, शके १८७५ मध्ये. तेवढं खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे.

बुधवारी मी जुन्या बाजारात गेले. विक्रेता त्याच जागी होता. फिरकी नीट बसत होती, मी खोटं बोलले, असं सांगून ३०० रुपये पुढे केले. तो क्षणभर पाहत राहिला, मग त्याने नोटा घेतल्या. तांब्या कुणाच्या घरचा, असं विचारलं. त्याने सांगितलं की तो माल मोडीच्या पोत्यांतून निवडून घेतो आणि पोत्यात कुठल्या घरचं काय आलं, ते कुणालाच सांगता येणार नाही. जायला निघाले तेव्हा तो म्हणाला, नावं घातलेली भांडी पुष्कळ येतात, वाचत कुणी नाही.

तांब्या आता म्युनिकच्या स्वयंपाकघरात आहे. रात्री मुलगी त्यात पाणी भरते आणि दीड वळसा देऊन झाकण लावते. मी तो घासते, पण ज्या बाजूला अक्षरं आहेत तिथे हात हलका ठेवते.

तुमच्या माळ्यावर, पलंगाखाली, गावच्या घराच्या कोनाड्यात असं पितळ-तांबं असेल. ते ठेवाच, असं मी म्हणणार नाही. ज्यांना ते घासावं लागतं त्यांनी ठरवावं. पण मोडीत घालण्याआधी एकदा चिंच लावून धुवा, उजेडात धरा आणि वर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा. मग घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा मामा कोण. जे उत्तर मिळेल ते वहीत लिहून ठेवा.