पाचच मिनिटं!

खोटं बोलणं पाप, हे मला मान्य आहे. पण रस्ता सांगताना बोललेलं खोटं कुठल्या खात्यात टाकायचं? आमच्या कॉटन ग्रीनला कुणालाही विचारा, स्टेशन "पाचच मिनिटं" असतं. (कापूस तरी इथं नावापुरताच उरलाय म्हणा.) ऐकणाऱ्याच्या पायांत बळ येतं, फार तर हार्बरची एक गाडी चुकते. हे खोटं मी धर्मादायात टाकीन.

पण मे महिन्यात आमची मंडळी हाच धर्म घेऊन हिमाचलात जातात. कसोलहून चढायची सार खिंड, उंची सुमारे 13,800 फूट. हिवाळ्यात बर्फ दणकून पडला असेल, तर उन्हाळा लागला तरी वाट त्याच्याखालीच. धापा टाकत चढणारा वरून परतणाऱ्याला विचारतो, "काय हो, रस्ता कसा आहे?" त्याचं तोंड बघून हा म्हणतो, "सोप्पा! थोडाच राहिलाय."

रात्रभर गोठलेला बर्फ पहाटे फरशीसारखा टणक. बुटाच्या ठोकरीनं पायऱ्या खोदत जावं. ऊन चढलं की त्याचाच गुरगुट्या भात होतो आणि पाय मांडीपर्यंत आत. ओढ्यावरचा बर्फाचा पूल खालून पाण्यानं पोखरलेला, वरून मात्र शुभ्र, निष्पाप! म्हणजे पहाटे सहाचं खरंसुद्धा दुपारी एकला माणूस बुडवू शकतं. मग दयेपोटी सांगितलेल्या खोट्याचं काय?

तिथले पोर्टर मला म्हणूनच आवडतात. रस्ता कसा आहे विचारलं, की ते आधी उन्हाकडे बघतात, मग आपल्या बुटांकडे, आणि उलट विचारतात, "आप निकलोगे कितने बजे?"