कुलूप आणि गोडी

जबलपूरहून नागपूरकडे निघालं की वाटेत सिवनी लागतं. तिथल्या तुरुंगात १९४४ साली विनोबांनी स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर व्याख्यानं दिली. गीतेतल्या त्या श्लोकांमध्ये एक अडचणीचं निरीक्षण आहे: उपाशी राहणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण गोडी मागे उरते, आणि तीही सुटते ती काही श्रेष्ठ दिसल्यावरच. मुलांचे टॅब्लेट निवडताना हे निरीक्षण मला फार कामाचं वाटतं, कारण त्यांची तुलना बहुतेक कुलपांचीच असते. आयपॅडवर २०१८ पासून ‘स्क्रीन टाइम’ आहे, ॲमेझॉनचा ‘फायर किड्स’ झोपेची वेळ झाली की बंद होतो, गूगलच्या ‘किड्स स्पेस’मध्ये निवडक पुस्तकं आणि खेळ मांडलेले असतात. कुणाचं कुलूप जास्त पक्कं, यावर तारे दिले जातात. विषय दूर सारण्यात ही यंत्रं तरबेज आहेत, यात शंका नाही. गोडीचं काय होतं, हे मात्र कुठल्याच तक्त्यात नसतं.

ते कळायला ‘फायर किड्स’मधली एक सोय पाहावी. पालकांनी ठरवलेलं वाचन पूर्ण झालं की मगच खेळ उघडतात. दिसायला शिस्त, पण मूल यातून शिकतं की वाचन हा खेळाचा भाव आहे, तो चुकता करायचा आणि मोकळं व्हायचं. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना आधीच बक्षीस कबूल केलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. फळाची अट घातल्याने कामातलाच रस आटला. म्हणजे ज्याला आपण श्रेष्ठ म्हणून पुढे करतो, त्याचीच चव हे कुलूप घालवतं आणि ज्याला बंदी करतो त्याची वाढवतं. कुणी म्हणेल, भाजी संपव मग लाडू, असं आजीही म्हणतेच. म्हणते, पण नातवाचा चेहरा पाहून अट कधी विसरायची हेही तिला कळतं. यंत्राचा विसराळूपणाशी संबंध नाही.

याहून वजनदार आक्षेप असा की चार वर्षांचं मूल काही साधक नव्हे. बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पडदा पाहण्यासाठी दिवसाला एका तासाची मर्यादा सुचवली. त्या वयात कुंपण हवंच, आणि ते घालणं हे मोठ्यांचं काम आहे. माझा वाद कुंपणाशी नाही. कुंपणालाच संस्कार समजण्याशी आहे, आणि ज्या जबलपूरला विनोबांनी ‘संस्कारधानी’ म्हटलं असं सांगतात, तिथे तरी ही गल्लत होऊ नये. तिथल्याच रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या आईबापांना तत्त्वज्ञान ऐकवणं सोपं आहे. त्यांना तासभर विश्वासाने मूल सोपवता येईल असं काहीतरी लागतं, आणि कुलूपबंद टॅब त्या गरजेला उतरतो. त्याला सोय म्हणावं.

संयमाची तालीम हवी असेल, तर ती दुसरीकडे दिसते. ‘प्रथम’ संस्थेने महाराष्ट्रातल्या खेड्यांत मुलांच्या गटागटांना मिळून टॅब दिले. गटाच्या टॅबवर पाळी येते, पाळी संपते, आणि सोडून द्यावं लागतं ते समोर वाट पाहणाऱ्या मैत्रिणीसाठी. इथेही मर्यादा बाहेरचीच, भांडणंही होत असणार. पण ती मर्यादा मुलाशी बोलते, तिला कारण आहे आणि ते त्याला दिसतं. पडदा आपोआप काळा झाला की कारण दिसत नाही, फक्त सत्ता दिसते. म्हणून टॅब घेताना पहिला प्रश्न मी असा विचारेन: हा दोघांतिघांना मिळून वापरता येतो का, आणि मूल मोठं होईल तशी यातली कुलपं त्याच्याशी बोलून एकेक काढता येतात का? किंमत आणि रबरी आवरण त्यानंतर पाहू.